खेळाचे नियम कोणाच्या मालकीचे?

सोंगट्यांच्या पटाला मालक नाहीं. ज्याच्या घरीं फुलीच्या आकाराचा पट, सोळा सोंगट्या आणि सहासात कवड्या असतील त्यानें तो मांडावा आणि खेळावा. त्यासाठीं कोणाची परवानगी लागत नाहीं, कीं कोणाला दाम मोजावा लागत नाहीं. हाच पचिशीचा खेळ एकोणिसाव्या शतकांत समुद्र ओलांडून अमेरिकेंत गेला, तेव्हां तेथील एका व्यापारी पेढीनें त्याचें रूप थोडें बदललें, त्याला ‘पार्चीसी’ असें नांव दिलें, आणि १८७४ सालीं तें नांव आपलें व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतलें. पुढें हातोहात फिरत तें नांव हॅस्ब्रो या मोठ्या अमेरिकन कंपनीकडे आलें. खेळ सर्वांचा राहिला. नांव मात्र एकाचें झालें.

खेळाचे नियम आणि खेळाचें नांव यांतील हा भेद वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु याच भेदाच्या आधारावर अमेरिकेंत गेल्या पन्नास वर्षांत एक आगळा व्यवसाय उभा राहिला. आणि २०२३ च्या जानेवारीत याच भेदासंबंधीं असा कांहीं वाद पेटला कीं, अनेक लहान प्रकाशकांना आपलें पुढल्या वर्षाचें पोट कशावर भरावें याची चिंता पडली. तो वाद ज्या खेळाबद्दल झाला त्याचा मालकही योगायोगानें हॅस्ब्रोच होता. खेळाचें नांव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे भुयारें आणि त्यांत राहणारे पंखांचे महासर्प.

हा खेळ आपल्याकडील पटांच्या खेळांहून फार निराळा आहे. चारसहा माणसें एका मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी पाथरवटाच्या जातीचा बुटका वीर. सूत्रधार प्रसंग वर्णन करून सांगतो: समोर अंधारी गुहा आहे, आंतून कण्हण्याचा आवाज येत आहे, आतां काय करतां? ज्यानें त्यानें आपलें पात्र काय करील तें तोंडानें सांगावयाचें. आणि तें कृत्य सिद्धीस गेलें कीं फसलें, याचा निवाडा बहुधा वीस पैलूंच्या फांशानें करावयाचा. येथें कोणी जिंकत नाहीं आणि कोणी हरत नाहीं. सर्वांनीं मिळून एक कथा रचावयाची, एवढाच हेतु. अशा खेळाला सोयीसाठीं भूमिकाखेळ म्हणूं.

त्याचें मूळ शोधूं गेल्यास तें प्रशियाच्या सैन्यांत सांपडतें. १८२४ च्या सुमारास तेथील अधिकाऱ्यांना नकाशावर लुटुपुटीच्या लढाया खेळवून युद्धकला शिकवीत असत. पुढें हा युद्धखेळ छंद म्हणून युरोप-अमेरिकेंत पसरला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं राहणारे गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटांतील डेव्ह आर्नेसन या दोन छांदिष्टांनीं त्यांत एक नवी कल्पना आणली. खेळाडूच्या हाताखालीं सारी पलटण न देतां एकच वीर द्यावा, आणि तो मेला नाहीं तर पुढल्या खेळांत अधिक बलवान् होऊन यावा. १९७४ सालीं गायगॅक्सच्या टीएसआर या घरगुती कंपनीनें तीन लहान पुस्तिकांची एक पेटी काढली. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या १,००० होत्या. त्या संपल्या, पुन्हां छापाव्या लागल्या, आणि दहा वर्षांच्या आंत हा खेळ अमेरिकेंतील घराघरांत ठाऊक झाला.

येथें पहिला प्रश्न उभा राहतो. सोंगट्यांना कवड्या तरी लागतात. या खेळाला वस्तुतः पुस्तकाखेरीज फारसें कांहीं लागत नाहीं. मग कंपनी विकते तें काय? ती विकते नियम, आणि त्या नियमांना शोभणाऱ्या कथा. पण नियम ही मालकीची वस्तु होऊं शकते काय?

कायद्याचें उत्तर जुनें आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें १८७९ सालीं बेकर विरुद्ध सेल्डन हा खटला आला. सेल्डन या गृहस्थानें जमाखर्च लिहिण्याची एक नवी रीत शोधून तीवर पुस्तक लिहिलें होतें. दुसऱ्यानें जवळजवळ तीच रीत आपल्या वह्यांत वापरली. न्यायालयानें सांगितलें कीं, पुस्तकांतील शब्दरचनेवर लेखकाचा कॉपीराइट आहे. पुस्तकांत शिकविलेल्या रीतीवर नाहीं. एखाद्या सुगरणीनें पाककृतींचें पुस्तक छापलें, तर तिचीं वाक्यें उचलून दुसऱ्यानें आपल्या नांवावर छापूं नयेत. परंतु त्याबरहुकूम पुरणपोळी लाटण्यास कोणाची आडकाठी असत नाहीं. तोच न्याय खेळांना लागतो. फांसा टाकून अमुक आंकड्याच्या वर दान पडलें तर वार लागला, ही रीत मोकळी. ती ज्या शब्दांत मांडली ते शब्द राखीव. आणि ज्या नांवानें पेटी दुकानांत विकली जाते तें नांव व्यापारचिन्ह म्हणून त्याहूनही पक्कें राखीव.

कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. प्रत्यक्षांत भूमिकाखेळांत रीत आणि वर्णन हीं दुधांत साखर मिसळावी तशीं मिसळलेलीं असतात. मांत्रिकाचा अमुक मंत्र किती हात दूरवर लागतो हा नियम झाला. पण त्या मंत्राचें नांव, त्याचें वर्णन, त्याचा परिणाम मोजण्याची विशिष्ट कोष्टकें, यांपैकीं काय रीत आणि काय शब्दरचना? याचा निर्णय न्यायालयांतच व्हावयाचा. आणि न्यायालयाचा खर्च लहान प्रकाशकाला झेपत नाहीं. दावा जिंकूं अशी खात्री असणें वेगळें, आणि तो शेवटपर्यंत लढविण्याइतका पैसा गांठीं असणें वेगळें. मोठ्या कंपनीचें खरें बळ या दुसऱ्या गोष्टींत असतें.

टीएसआरनें तें बळ वापरलें. मेफेअर गेम्स या प्रकाशकानें या खेळाला जोडून खेळतां येतील अशीं पुस्तकें काढलीं, तेव्हां तिच्याशीं करारमदार झाले, पुढें कराराच्या भंगाबद्दल दावा झाला, आणि अखेर ती पुस्तकमालिकाच टीएसआरनें विकत घेतली. छांदिष्ट लोकांत कंपनीची कीर्ति फिर्यादी मालक अशी झाली. इतकें करूनही व्यवसाय सांवरला नाहीं. पुस्तकें गरजेपेक्षां अधिक निघालीं, दुकानांतून न खपलेला माल परत येऊं लागला, कर्ज वाढलें. आणि १९९७ सालीं बुडत्या टीएसआरला सिएटलजवळच्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनें विकत घेतलें. या कंपनीनें १९९३ सालीं ‘मॅजिक’ नांवाचा पत्त्यांचा खेळ काढून अमाप पैसा मिळविला होता. पुढें १९९९ सालीं हॅस्ब्रोनें विझर्ड्सलाच सुमारें साडेबत्तीस कोटी डॉलरांस घेतलें, आणि पार्चीसीच्या नांवाशेजारीं भुयारें व महासर्पही एकाच छपराखालीं आले.

विझर्ड्समधील रायन डान्सी या व्यवस्थापकानें टीएसआरच्या ऱ्हासाचा विचार करून जो निष्कर्ष काढला, तो व्यापाराच्या नेहमींच्या शहाणपणाच्या अगदीं उलट होता. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. या खेळाचें मूळ नियमपुस्तक प्रत्येक खेळाडू विकत घेतो. परंतु कथांचीं व साहसांचीं पुस्तकें बहुधा एकटा सूत्रधारच घेतो, म्हणजे पांचसहांत एक. मूळ पुस्तकांत नफा. पुरवणी पुस्तकांत मेहनत फार आणि लाभ थोडा. मग तीं पुरवणी पुस्तकें दुसऱ्यांनीं कां काढूं नयेत? त्यांनीं जितकीं अधिक काढावीं, तितके अधिक लोक या एका खेळाकडे ओढले जातील आणि मूळ पुस्तक घेतील. शिवाय खेळाडूंना नवनवे नियम शिकण्याचा कंटाळा असतो. ज्या खेळाचे सोबती सहज मिळतात तोच खेळ ते निवडतात. ज्या पंचक्रोशींत एकच माप चालतें तेथें बाजार सुखानें भरतो, आणि तें माप ज्याच्या घरचें त्याची पत आपोआप वाढते. आपले नियम हें सर्वांचें माप व्हावें, अशी ही योजना होती.

संगणकाच्या क्षेत्रांत अशी कल्पना आधींच रुजली होती. रिचर्ड स्टॉलमन यानें १९८९ सालीं असा एक परवाना लिहिला होता कीं, त्याखालीं दिलेली संगणकाची आज्ञावली कोणींही वापरावी, बदलावी, वांटावी. मात्र बदललेली आज्ञावलीही त्याच अटीवर इतरांस द्यावी. डान्सीनें हें तत्त्व खेळाला लाविलें. २००० सालीं खेळाची तिसरी आवृत्ति निघाली, आणि तिच्याबरोबर ‘ओपन गेम लायसन्स’, म्हणजे खुला खेळ-परवाना, प्रसिद्ध झाला.

या परवान्याची रचना नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढील सारें रामायण तीवरच घडलें. त्यांत मजकुराचे दोन भाग केले होते. एक खुला भाग: नियम, कोष्टकें, मंत्रांची व राक्षसांची यादी, हा भाग कोणींही फुकट घ्यावा, बदलावा, छापावा आणि विकावा. दुसरा राखीव भाग: विशिष्ट पात्रांचीं नांवें, जगांचे नकाशे, चित्रें, आणि कांहीं खास राक्षस. ज्यानें खुला भाग घेतला त्यानें परवान्याचा मजकूर आपल्या पुस्तकांत छापावा, आणि त्या भागावरून त्यानें जे नवे नियम रचले तेही खुले ठेवावे. याखेरीज एक निराळा परवाना व्यापारचिन्हाचा होता. त्यायोगें ‘डी-ट्वेंटी’ हा शिक्का मुखपृष्ठावर छापतां येई. पण त्याच्या अटी कडक होत्या. पात्र कसें निर्माण करावें हे नियम त्या पुस्तकांत देतां येत नसत, आणि कंपनीचें मूळ पुस्तक लागेल असें छापावें लागे. खुला परवाना कायमचा होता. शिक्क्याचा परवाना कंपनीच्या मर्जीवर होता. नियम वांटावे पण नांव आपल्या मुठींत ठेवावें, असा हा दुहेरी डाव होता.

आरंभीं त्याला अपार यश आलें. शेंकडों पुस्तकें निघालीं. घरच्या मेजावर बसून लिहिणारे लोक प्रकाशक झाले. परंतु सुगीनंतर जसे भाव कोसळतात तसें येथेंही झालें. चांगल्याबरोबर वाईटही पुष्कळ छापलें गेलें. एकच शिक्का दोहोंवर असल्यामुळें दुकानदाराला व गिऱ्हाइकाला त्यांतील भेद कळेना. त्यांत २००३ सालीं कंपनीनें नियमांची सुधारलेली आवृत्ति काढली. जुन्या नियमांस धरून छापलेला माल एका रात्रींत शिळा झाला, दुकानांतील फडताळांवर पडून राहिला, आणि कित्येक प्रकाशकांनीं धंदा सोडला. जे टिकले ते बहुधा असे होते, कीं ज्यांनीं उसन्या शिक्क्यावर विसंबून न राहतां स्वतःच्या नांवाची पत बांधली होती. ग्रीन रोनिन या संस्थेनें खुल्या नियमांवरून महावीरांचा स्वतंत्र खेळ २००२ सालींच रचला होता, आणि तो पुढेंही चालला. खुला परवाना भांडवल पुरवितो, पत पुरवीत नाहीं, हा धडा त्या वेळीं मिळाला.

दुसरा धडा कंपनीला स्वतःला मिळाला. पायझो ही संस्था २००२ पासून या खेळाचीं दोन मासिकें विझर्ड्सच्या परवानगीनें चालवीत होती. २००७ सालीं ती परवानगी संपली, आणि पायझोचा मुख्य व्यवसायच हातचा गेला. त्याच वर्षीं खेळाची चौथी आवृत्ति येणार असें जाहीर झालें. ती २००८ च्या जूनमध्यें आली. तिला खुला परवाना लाविला नाहीं. त्याऐवजीं जो नवा परवाना दिला, त्यांत कंपनीला अटी वाटेल तेव्हां बदलण्याची मुभा होती. आणि जो प्रकाशक आपली एखादी पुस्तकमालिका नव्या परवान्याखालीं आणील त्यानें तीच मालिका जुन्या खुल्या परवान्याखालीं काढणें बंद करावें, असेंही कलम होतें. पायझोपुढें दोन वाटा होत्या: या अटी मान्य कराव्या, किंवा अशा कांहींतरी वाटेनें जावें कीं जी कोणाला बंद करतां येणार नाहीं.

तिनें दुसरी वाट धरली. तिसऱ्या आवृत्तीचे नियम खुल्या परवान्याखालीं कायमचे दिलेले होतेच. तेच घेऊन, डागडुजी करून, हजारों खेळाडूंकडून आधीं तपासून घेऊन पायझोनें २००९ च्या ऑगस्टांत ‘पाथफाइंडर’ हा खेळ काढला. ज्यांना चौथी आवृत्ति रुचली नव्हती त्यांना आपला जुना खेळ नव्या नांवानें परत मिळाला. २०११ च्या सुमारास छंदवस्तूंच्या दुकानांतील खपाची जी क्रमवारी व्यापारी पत्रांत प्रसिद्ध होई, तींत पाथफाइंडर मूळ खेळाच्याही वर गेला. कंपनीनें स्वतः टाकून दिलेली वस्तु दुसऱ्यानें उचलली आणि तिच्याच दारासमोर दुकान मांडलें; आणि हें सर्व तिनेंच लिहून दिलेल्या कागदाच्या आधारें. नियम दोघांचे एक. चुरस उरली ती केवळ नांवांची, कागदाची, चित्रांची, आणि गिऱ्हाइकाशीं वागण्याच्या रीतीची.

विझर्ड्सनें यावरून बोध घेतला असें कांहीं काळ दिसलें. २०१४ सालीं पांचवी आवृत्ति निघाली. ती सोपी व सुटसुटीत होती. आणि २०१६ च्या जानेवारीत तिच्या नियमांचा गाभा पुन्हां खुल्या परवान्याखालीं देण्यांत आला. याच सुमारास नटमंडळी हा खेळ खेळत असतां लोकांनीं तो दूरदर्शनासारखा घरबसल्या पाहावा, अशी नवी टूम निघाली. ‘क्रिटिकल रोल’ हा त्यांतील विख्यात कार्यक्रम २०१५ सालीं सुरू झाला. खेळ पुन्हां शिखरावर गेला. त्याच्या सांवलींत लहान प्रकाशकही वाढले. कोणी दोघे जण, कोणी पांच जण, वाचकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करून पुस्तकें छापूं लागले. त्यांच्या साऱ्या प्रपंचाचा पाया २००० सालचा तो एक कागद होता.

तो पाया २०२३ च्या आरंभीं हादरला. जानेवारीच्या ५ तारखेस एका वृत्तसंस्थेनें विझर्ड्सच्या नव्या परवान्याचा मसुदा बाहेर आणला. त्यांतील कलमें तीन होतीं, आणि तिन्ही जिव्हारीं लागणारीं होतीं. पहिलें पैशाचें. वर्षाला ५०,००० डॉलरांहून अधिक उत्पन्न असल्यास कंपनीला कळवावें. ७,५०,००० डॉलरांच्या वर गेल्यास वरच्या रकमेवर शेंकडा २५ पर्यंत रॉयल्टी द्यावी. ही आकारणी नफ्यावर नव्हती, एकूण विक्रीवर होती. समजा, एखाद्या प्रकाशकाची विक्री १०,००,००० डॉलर झाली. तर मर्यादेवरील २,५०,००० वर ६२,५०० डॉलर द्यावे लागणार. कागद, छपाई, चित्रकार, टपालखर्च यांचें देणें भागवून त्याच्या हातीं तेवढी शिल्लक तरी राहते कीं नाहीं, हें पाहण्याची सोय त्यांत नव्हती. दुसरें कलम असें कीं, या परवान्याखालीं कोणीं जें कांहीं रचील तें कंपनीला कायमचें व फुकट वापरतां यावें. आणि तिसरें सर्वांत घातक: २००० सालचा परवाना यापुढें ‘अधिकृत’ राहणार नाहीं.

हा ‘अधिकृत’ शब्द कोठून आला? जुन्या परवान्याच्या नवव्या कलमांत असें लिहिलें होतें कीं, कंपनी परवान्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढूं शकेल, आणि वापरणाऱ्यानें त्यांपैकीं कोणतीही अधिकृत आवृत्ति वापरावी. लिहिणाऱ्यांचा हेतु वापरणाऱ्याला निवड देण्याचा होता. कंपनीनें स्वतः दिलेल्या जुन्या खुलाशांतही असें म्हटलें होतें कीं, नवी आवृत्ति न रुचल्यास आधींची वापरीत राहतां येईल. परंतु तेवीस वर्षांनीं कंपनीच्या वकिलांनीं त्या एका विशेषणांत फट शोधली. परवान्यांत ‘कायमचा’ हा शब्द होता. ‘मागें न घेतां येणारा’ हा शब्द नव्हता. जें कायमचें दिलें तें मागें घेतां येतें काय, असा हा पेंच होता.

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकाला हा पेंच अपरिचित वाटणार नाहीं. वंशपरंपरेनें चालावें म्हणून दिलेल्या इनामांच्या सनदा पेटींत जपून ठेवणाऱ्या कित्येक घराण्यांना १८५२ नंतर इनाम कमिशनापुढें त्या सनदांचा अक्षर न् अक्षर सिद्ध करून दाखवावा लागला. देणाऱ्याचा हेतु कितीही उदार असो. कागदांत जें स्पष्ट लिहिलेलें नाहीं तें सत्ता बदलल्यावर शंकास्थान होतें. डान्सी २००० सालीं जो हेतु मनांत धरून होता तो त्यानें २०२३ सालींही पुन्हां बोलून दाखविला, आणि परवाना रद्द करण्याचा अधिकार कंपनीला नाहीं असें सांगितलें. परंतु तोंवर तो कंपनींत नव्हता.

विझर्ड्सची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तिचें म्हणणें असें होतें कीं, मूळ परवाना छांदिष्टांसाठीं व होतकरू लेखकांसाठीं होता, मोठ्या कंपन्यांनीं त्यावर गबर व्हावें यासाठीं नव्हे; आणि खेळाच्या नांवाशीं जोडून द्वेषमूलक मजकूर कोणीं छापल्यास त्यास आळा घालण्याचें साधन आपल्या हातीं असावें. यांतील दुसरा मुद्दा निराधार नव्हता. पण द्वेषाला आळा घालण्यासाठीं दुसऱ्याच्या लेखनावर फुकट हक्क कशाला हवा, याचें समाधानकारक उत्तर कोणाला मिळालें नाहीं.

त्यानंतरचे तीन आठवडे व्यापाराच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. खेळाडूंनीं निषेधाच्या जाहीर पत्रावर हजारोंनीं सह्या केल्या. कित्येकांनीं कंपनीच्या संगणकीय सेवेची वर्गणी बंद केली. जानेवारीच्या १२ तारखेस पायझोनें जाहीर केलें कीं, केओसियम, कोबोल्ड प्रेस, ग्रीन रोनिन इत्यादि संस्थांच्या साह्यानें आपण नवा खुला परवाना काढूं. तो कोणाही प्रकाशकाच्या मालकीचा नसेल, आणि तो मागें घेतां येणार नाहीं असें त्यांत स्पष्ट लिहिलेलें असेल. त्याच महिन्यांत पायझोनें सांगितलें कीं, आठ महिने पुरावा एवढा पाथफाइंडरच्या मूळ पुस्तकाचा सांठा दोन आठवड्यांत संपला. विझर्ड्सनें मसुदा सौम्य करून लोकमत मागविलें. १५,००० हून अधिक उत्तरें आलीं. त्यांतील शेंकडा ८८ लोकांनीं नव्या परवान्याखालीं कांहीं प्रसिद्ध करणार नाहीं असें कळविलें, आणि शेंकडा ८९ लोकांनीं जुना परवाना रद्द करण्यास नापसंती दर्शविली. २७ जानेवारीस कंपनीनें माघार घेतली. जुना परवाना होता तसाच राहिला. इतकेंच नव्हे, तर पांचव्या आवृत्तीच्या नियमांचा सुमारें ४०० पानांचा गाभा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या परवान्याखालीं देण्यांत आला. हा परवाना कंपनीचा नाहीं. २००१ सालीं स्थापन झालेल्या एका स्वतंत्र संस्थेचा आहे, आणि तो मागें घेतां येत नाहीं असें त्याच्या शब्दांतच आहे. मूळ कर्त्याचा उल्लेख करावा, एवढीच त्याची अट.

खटला न्यायालयांत गेलाच नाहीं. त्यामुळें ‘अधिकृत’ या शब्दाचा अर्थ कोणा न्यायाधीशानें सांगितलेला नाहीं. परंतु व्यापारानें आपला निवाडा दिला. ज्या कागदाला एकदां धक्का लागला, त्यावर घर उभें ठेवण्याची लहान प्रकाशकांची तयारी राहिली नाहीं. पायझोच्या पुढाकारानें योजलेला परवाना २०२३ च्या जूनमध्यें पुरा झाला. आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पाथफाइंडरचीं पुस्तकें नव्यानें लिहून निघालीं. जुन्या परवान्यांतून आलेलें जें जें होतें तें वगळण्यासाठीं ओळखीचे राक्षस, मंत्रांचे वर्ग, पात्रांच्या सत्प्रवृत्तीचीं व दुष्प्रवृत्तीचीं जुनीं मापें, हें सारें बदलावें लागलें. कोबोल्ड प्रेसनें २०२४ सालीं आणि क्रिटिकल रोलच्या मंडळींच्या प्रकाशनसंस्थेनें २०२५ सालीं आपापले स्वतंत्र खेळ काढले. विझर्ड्सही त्या प्रसंगीं दिलेल्या शब्दाला जागली. २०२४ सालच्या सुधारलेल्या पुस्तकांतील नियमांचा गाभा तिनें २०२५ च्या एप्रिलांत त्याच क्रिएटिव्ह कॉमन्सखालीं दिला. डंजन्स अँड ड्रॅगन्स हें नांव पूर्वींइतकेंच तिच्या मालकीचें आहे, आणि या व्यवसायांत सर्वांत मोठेंही तेंच आहे. हरवली ती एक गोष्ट: साऱ्या प्रकाशकांनीं एकच माप वापरावें ही डान्सीची योजना. मालकानें मापाला हात घातला, आणि बाजारांत निरनिराळीं मापें आलीं.

या इतिहासांतून निघणारा बोध केवळ खेळांपुरता नाहीं. मराठी विकिपीडियाचे लेख क्रिएटिव्ह कॉमन्सच्याच एका परवान्याखालीं लिहिले जातात; आणि ते लिहिणारे विनावेतन लिहितात, तें आपलें लेखन उद्यां कोणी कोंडून ठेवणार नाहीं या भरंवशावर. असा भरंवसा देणाऱ्या प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. दिलें तें मागें घेतां येतें काय? अटी बदलण्याचा अधिकार कोणाला? आणि तो कागद कोणाच्या हातीं, देणाऱ्याच्या कीं तिऱ्हाइताच्या? २००० सालच्या परवान्यानें पहिल्या प्रश्नाला अर्धवट उत्तर दिलें होतें, आणि उरलेल्या दोहोंचें उत्तर कंपनी असेंच होतें. तेवीस वर्षें कोणाला त्याची अडचण भासली नाहीं, कारण तेवीस वर्षें कोणीं त्या कागदाची परीक्षा घेतली नाहीं.

नांवाची मालकी ठेवण्यांत कांहीं गैर नाहीं. नांव म्हणजे पत, आणि ती ज्यानें मिळविली त्याची ती असावी. नाहींतर गिऱ्हाइकाला खरें-खोटें ओळखतां येणार नाहीं. परंतु नांवाची पत नियमांना कुलूप लावून वाढत नाहीं, हें या पन्नास वर्षांत तीनदां दिसून आलें. टीएसआरनें दावे लाविले आणि ती बुडाली; विझर्ड्सनें २००८ सालीं दार लोटून घेतलें आणि पाथफाइंडर उभा राहिला; २०२३ सालीं तिनें कुलूप लावण्याचा प्रयत्न केला आणि अखेर किल्लीच कायमची देऊन टाकावी लागली. पचिशीचा पट कोणाच्याही मालकीचा नाहीं, म्हणूनच तो अमेरिकेपर्यंत पोंचला. पार्चीसी हें नांव तेवढें नोंदवहींत राहिलें. खेळ टिकतो तो खेळणाऱ्यांच्या मेजावर, आणि त्या मेजावरून तो उचलून नेण्याची सत्ता कोणत्याही नोंदवहींत लिहिलेली नसते.